पुरात मदतीला निघताय? आधी आपलं पथक सुखरूप परत कसं येईल ते ठरवा

पूर आला की गणेश मंडळं, तालमी, कॉलेजची मुलं, ट्रेकर्सचे ग्रुप एका रात्रीत गाड्या भरून निघतात. मन मोठं असतं, पण कामाचा क्रम बहुतेकांचा उलटा लागतो. आधी सामान गोळा होतं, मग गाडी ठरते, मग वाटेत फोनाफोनी करून गाव ठरतं. आणि आपल्या माणसांना काही झालं तर काय, हा प्रश्न कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात अडकल्यावर पहिल्यांदा पुढे येतो. मदतीला गेलेला माणूस स्वतःच अडकला की एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) बोट त्याच्यासाठी वळवावी लागते आणि छपरावर बसलेलं कुटुंब आणखी दोन तास छपरावरच राहतं.

खालचे टप्पे सांगली जिल्ह्यातला कृष्णा-वारणाकाठ डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत, म्हणजे मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा हे तालुके. दरडीचा टप्पा साताऱ्यातल्या पाटण, वाई, जावळीच्या डोंगरपट्ट्यासाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या चार टप्प्यांतली बहुतेक तयारी पावसाळ्याआधी, मे महिन्यात उरकता येते आणि ती तेव्हाच उरकायची असते.

टप्पा १ : काठावरचा माणूस

पथकात कोण कोण जाणार हे ठरवण्याआधी कोण जाणार नाही ते ठरवा. एक माणूस कोरड्या जागी, चार्जर आणि वही घेऊन बसला पाहिजे. पथक कुठे आहे, किती जण आहेत, पुढचा फोन कधी यायचा आहे, एवढंच त्याचं काम. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये आपत्ती प्रतिसादाची जी रचना घालून दिली, तीत सुरक्षा अधिकारी हे वेगळं पद आहे आणि काम धोक्याचं वाटलं तर ते थांबवण्याचा अधिकार त्या पदाला आहे. आपल्या मंडळांमध्ये नेमकं हेच पद नसतं. सगळ्यांनाच पुढे जायचं असतं.

हा माणूस निवडताना सगळ्यात ज्येष्ठ किंवा सगळ्यात रिकामा माणूस पाहू नका. ज्याचं "परत या" पोरं ऐकतील, असा माणूस हवा. त्याच्या "परत या"वर जागेवर वाद घालायचा नाही, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. काम दिवसभर चालणार असेल तर दोन माणसं नेमा, आळीपाळीने बसतील. थकलेल्या माणसाच्या हातून फोनची वेळ निसटते.

त्याच्या वहीत पाच रकाने पुरतात : वेळ, कुठून बोलताय, किती जण, पुढे कुठे, पुढचा फोन किती वाजता. एक नोंद अशी दिसते :

१०:४० | अंकलखोप, शाळेजवळ | ६ | औदुंबरकडे पायी | ११:४०

"किती जण" हा रकाना दर वेळी विचारून, आकडा ऐकून भरायचा. मागच्या नोंदीवरून उतरवायचा नाही. माणूस हरवल्याचं सहसा इथेच कळतं.

पाण्यात किंवा बोटीवर असताना दर तासाला, जमिनीवर असताना दर दोन तासांनी फोन. वेळ चुकली तर पंधरा मिनिटं थांबून पथकातल्या दुसऱ्या नंबरवर फोन आणि एसएमएस. कॉल लागत नसला तरी एसएमएस पुष्कळदा जातो. अर्ध्या तासात पत्ता लागला नाही तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ किंवा ११२. वहीतली शेवटची नोंद त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवायची.

वीज गेल्यावर आणि जनरेटरचं डिझेल संपल्यावर मोबाइलचे टॉवरही बंद पडतात. म्हणून फोनवर अवलंबून नसलेली एक वेळ आणि एक जागा आधीच ठरवा : "काही झालं तरी पाच वाजता अमुक चौकात सगळे." फोन लागो न लागो, पाच वाजता तिथे यायचंच.

> तपासा : काठावरच्या माणसाकडे प्रत्येकाचं पूर्ण नाव, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आणि घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर आहे का? फोनमध्ये असून भागत नाही. फोन भिजतो, बंद पडतो.

टप्पा २ : नोंद

तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात पथकाची नोंद करा : किती जण, कोणती साधनं, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी. तिथून गाव वाटून घ्या. नोंद नसलेलं पथक अडकलं तर ते तिथे आहे हेच प्रशासनाला ठाऊक नसतं. शिवाय एकाच गावात सहा गाड्या आणि पलीकडच्या वस्तीवर एकही नाही, हे दर पुरात दिसतं, तेही या नोंदीने बरंचसं टळतं. ज्या गावात जायचं तिथला सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्यापैकी एकाशी स्वतः बोलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. कुठला रस्ता चालू आहे, कुठल्या गल्लीत खड्डा आहे, कुठल्या वस्तीत जुना वाद धुमसतोय, हे त्यांनाच माहीत असतं.

गाडीला बॅनर लावताना एक चूक हमखास होते : पांढऱ्यावर लाल क्रॉस रंगवला जातो. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षण दिलेलं आहे आणि आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याचा अनधिकृत वापर मना आहे. युद्धात गोळीबार चालू असताना डॉक्टर आणि मदतनीस त्या चिन्हाच्या भरवशावर पुढे जातात. ते कुणीही कुठेही लावू लागलं की त्याचा मान कमी होतो आणि त्याची किंमत दुसरीकडे कुणाच्या तरी जिवाने मोजली जाते. आपल्या पथकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, तेवढं पुरे.

टप्पा ३ : कोण जाणार, कोण थांबणार

"पोहता येतं का?" या प्रश्नाला आपल्याकडे सगळे हो म्हणतात. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं खरंच असतं, पण विहिरीचं पाणी उभं असतं. पुराचं पाणी ओढतं, गढूळ असतं आणि त्यात काय वाहत येतंय ते दिसत नाही. वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण झालेलेच बोटीवर किंवा पाण्यात जातील. बाकीच्यांसाठी जमिनीवर भरपूर काम असतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत "आपदा मित्र" योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण होतं. पथकातली निदान दोन माणसं त्याला पाठवा.

यांना पुढे पाठवू नका : अठराच्या आतली मुलं, फिट येणारे, हृदयाचा त्रास असणारे, गरोदर महिला, दारू घेतलेला कुणीही, मग तो कितीही दांडगा पोहणारा असो. ज्यांचं स्वतःचं घर पाण्यात आहे त्यांनाही नको. त्यांचं लक्ष घराकडे असतं आणि ते साहजिक आहे. त्यांना काठावरच्या माणसाबरोबर बसवा, गावाची माहिती सगळ्यात चांगली त्यांचीच असते.

आपल्याकडचे मोठे पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे बरेचदा श्रावणात. सोमवार, शनिवार, कुणाचा महिनाभर एकभुक्त. उपास असणाऱ्याने त्या दिवशी बोटीवर आणि पाण्यात जायचं नाही. भिजलेल्या अंगाने, रिकाम्या पोटी चार तास काम केल्यावर हात थरथरतात आणि दोराची गाठ सुटते. उपास मोडायला सांगू नका, काम बदलून द्या.

पथकात महिला हव्यातच. निवारा केंद्रातल्या बायका पाळीची, गरोदरपणाची, रात्रीच्या भीतीची गोष्ट पुरुष कार्यकर्त्याला सांगत नाहीत. पण एकट्या मुलीला पाठवू नका, किमान दोघी. मुक्कामाला आतून कडी लागणारी खोली आणि दिवे असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारा. कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव निघतानाच जाहीर करा. त्रास देणारा आपल्याच पथकातला निघाला तर त्याला त्याच दिवशी घरी धाडायचं. "पूर ओसरू दे, मग बघू" म्हणायचं नाही.

बाकी सगळ्यांच्या जोड्या लावा. जोडीतला एक दिसेनासा झाला की दुसऱ्याने तिथेच ओरडायचं.

> तपासा : विमा. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं, वय १८ ते ७० आणि बँक खातं हवं. वर्ष १ जून ते ३१ मे असं धरलं जातं, त्यामुळे मे अखेरीस खात्यातून पैसे वळते झाले का ते पाहायचं. मंडळाच्या वर्गणीतून पथकाचा वेगळा अपघात विमाही उतरवा. जो मुलगा मंडळाच्या नावाने पाण्यात उतरतो, त्याच्या दवाखान्याचा खर्च मंडळाचा आहे.

टप्पा ४ : अंगावरचं आणि सोबतचं

यादी लांब करू नका. लाइफ जॅकेट, हेल्मेट, शिट्टी, हेडटॉर्च, तरंगणारा दोर, लांब काठी, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, कोरडे कपडे. पायात घट्ट बांधलेले बूट. गमबूट चिखल काढायला चांगले, पण बोटीत किंवा वाहत्या पाण्यात नकोत. त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही.

जॅकेटवर मात्र वेळ घालवा, कारण बहुतेक जण ते चुकीचं घालतात. साइज वजनाप्रमाणे निवडा. सगळे पट्टे खालून वर आवळा. मांड्यांमधून येणारा पट्टा असेल तर तो लावाच, "टोचतो" म्हणून सोडू नका. मग जोडीदाराला समोर उभं करा आणि त्याला तुमच्या दोन्ही खांद्यांवरचं जॅकेट धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीवर किंवा कानांपर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निसटणार. पुन्हा आवळा, पुन्हा ओढा. फोम दाबला की परत फुगतो का पहा. वर्षभर पोत्यांखाली दबून चपटं झालेलं जॅकेट माणसाला वर धरत नाही. रेनकोट जॅकेटच्या आत घाला, वरून नको.

निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन लागू आहे का ते पहा. लेप्टोस्पायरोसिससाठी (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या, परस्पर मेडिकलमधून नको. अंगावर जखम असेल तर ती पाणी शिरणार नाही अशी झाका, आणि पायाला चिरा असतील तर पाण्यातलं काम दुसऱ्याला द्या.

टप्पा ५ : निघायच्या दिवशी पाणी वाचा

सांगलीत ऊन पडलं म्हणजे पूर उतरला, असं समजून निघणारी पथकं अडकतात. सांगलीतलं पाणी सांगलीच्या पावसाने चढत नाही. ते वरून येतं : महाबळेश्वर-पाटणच्या पाणलोटातून, कोयना धरणाच्या विसर्गातून, कराडच्या प्रीतिसंगमावरून खाली भिलवडी, मग सांगली. वारणेचं पाणी चांदोलीकडून येतं आणि हरिपूरला कृष्णेत मिळतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) आहे. तिथून विसर्ग वाढला की तो सांगलीत पोहोचायला वेळ लागतो, म्हणजे आज सकाळचा निर्णय घेताना कालचा विसर्ग पाहायचा असतो.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत ५५ फुटांच्या जवळपास. पण नुसता आकडा ऐकून निघू नका. तीन गोष्टी विचारा : पातळी चढती आहे की उतरती? कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग काल रात्रीपासून वाढवला का? आणि आपल्या परतीच्या रस्त्यावरचा सगळ्यात सखल भाग कुठला?

तिसरा प्रश्न विचारायला लोक विसरतात. जाताना रस्ता कोरडा असतो. नदी चढली की तिचा फुगवटा ओढ्यांतून मागे सरकतो आणि नदीपासून लांब असलेल्या ओढ्यावरच्या फरशी पुलावर पाणी येतं, तेही आवाज न करता. तुम्ही गावात धान्य वाटत असता आणि मागचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून त्या सखल जागी एक माणूस थांबवा. पाण्याच्या कडेला खूण केलेली काठी रोवून त्याने दर अर्ध्या तासाला पाहायचं. पाणी खुणेवर चढू लागलं की काम अर्धवट टाकून सगळ्यांनी निघायचं.

> थांबा : रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. सहा इंच खोल वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, जीपसुद्धा. आणि पाण्याखाली रस्ता उरला आहे की वाहून गेला आहे, हे वरून कळत नाही. अंधार पडल्यावर नवीन गावात शिरायचं नाही.

टप्पा ६ : बोट आणि वाहतं पाणी

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात गावातल्या बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांपुरती लाइफ जॅकेटं नव्हती. त्या क्षणी काठावर उभ्या असलेल्या कुणालाही "तू थांब" म्हणणं किती अवघड असतं, हे पुरात काम केलेल्या प्रत्येकाला कळतं. आई बोटीत आणि पोरगं काठावर, असं कोण ठेवील? म्हणूनच हा निर्णय काठावर, त्या क्षणी घ्यायचा नसतो. तो आधी झालेला असला पाहिजे.

नियम एकच ठेवा : जितकी जॅकेटं तितकीच माणसं, चालक आणि मदतनीस धरून. बोटीवर लिहिलेली क्षमता आणि जॅकेटांची संख्या यांतला जो आकडा लहान, तो खरा. कुटुंब तुटू नये म्हणून बोटीत बसवण्याआधीच काठावर कुटुंबांचे गट करा आणि गटाच्या आकाराप्रमाणे फेरी लावा. एक गट मोठा असेल तर पूर्ण गट पुढच्या फेरीला. चढणारी माणसं मोजायला बोटीबाहेरचा वेगळा माणूस हवा. चालकाने मोजायचं नाही, तो इंजिन बघतो. गाठोडी, गॅसची टाकी, शेळ्या पहिल्या फेरीत नकोत.

बसल्यावर सगळ्यांना एकच वाक्य मोठ्याने सांगा : "काही झालं तरी उभं राहायचं नाही, एका बाजूला सरकायचं नाही." भीतीने माणसं एका अंगाला सरकतात आणि बोट कलते.

कृष्णाकाठची खास अडचण म्हणजे पाण्याखालची शेती. उसाचा पाला पंख्याला गुंडाळतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून दोन वल्ही बोटीत असलीच पाहिजेत, इंजिन कितीही नवं असो. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा पाण्याच्या जेमतेम खाली असतात आणि दिसत नाहीत. बोट त्यात अडकली आणि मागून पाण्याचा रेटा आला की ती उलटते. बागा, कुंपणं, झाडांच्या रांगा टाळून, वळसा पडला तरी गावातल्या माणसाने दाखवलेल्या मार्गानेच जा. पाणी चढलं की विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर येतात. महावितरणकडून त्या भागातला पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय तारांखालून बोट नेऊ नका, आणि उभी काठी धरून तर मुळीच नाही.

गुऱ्हाळाच्या काहिलीत (गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत) किंवा पिंपांच्या तराफ्यावर बसून लोक पाणी पार करतात. गावकऱ्यांना दुसरा मार्ग नसतो तेव्हा ते करतात, त्यांना बोल लावू नका. पण मदत पथकाने स्वतः काहिलीत बसायचं नाही. ती जागच्या जागी गोल फिरते आणि एका बाजूला वजन गेलं की पालथी होते.

कुणी पाण्यात पडलं तर क्रम हा : आधी आवाज द्या, मग काठी पुढे करा, मग दोर फेका, मग बोट न्या. पाण्यात उडी मारणं सगळ्यात शेवटी, तेही फक्त प्रशिक्षण झालेल्याने. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. एक पडला की दोघं उड्या मारतात.

> थांबा : वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर गाठ मारून बांधू नका. दोर ताणला गेला की पाण्याचा रेटा त्याला खाली दाबतो आणि गाठ सुटत नाही. झटक्यात सुटणारा बचाव पट्टा असलेलं जॅकेट असेल तरच दोर लावायचा.

> थांबा : प्रवाहात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात किंवा तारेत अडकला की पाणी पाठीवरून दाबतं. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरकत राहा.

चालत पाण्यातून जावं लागलंच तर गावातला माणूस पुढे आणि त्याच्या हातात लांब काठी. प्रत्येक पाऊल आधी काठीने चाचपायचं. शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरी पाण्याखाली गेल्या की वरून शेत आणि विहीर सारखीच दिसते. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेला मगरी आहेत. पुरात त्या गावाच्या कडेपर्यंत येतात. संध्याकाळनंतर पाण्याच्या कडेला बसू नका, हातपाय धुवायला नदीत उतरू नका.

टप्पा ७ : वाटप करताना गर्दी

गाडी गावात शिरण्याआधीच रस्त्यात अडवली जाते, सामान ओढलं जातं, कुणीतरी पडतं. अडवणारे लोक वाईट नसतात. चार दिवस कुणी फिरकलं नाही, आता आलेली गाडी पुढच्या गावाला चालली आहे, एवढंच त्यांना दिसतं. म्हणून चालत्या गाडीतून पाकिटं फेकणं ही सगळ्यात धोक्याची पद्धत. एका पाकिटासाठी माणसं चाकाखाली येतात आणि मग रोष पथकावर येतो.

वाटप बंदिस्त जागेत करा, म्हणजे शाळा किंवा मंगल कार्यालय. आत यायचा आणि बाहेर जायचा दरवाजा वेगळा ठेवा. आदल्या दिवशी गावाच्या मदतीने घरागणिक चिठ्ठ्या द्या. यादी एकाच गटाने केलेली असेल तर दुसऱ्या गल्लीतल्या, वस्तीवरच्या, ऊसतोड कामगारांच्या आणि भाडेकरूंच्या घरांची नावं त्यात आहेत का, ते स्वतः जाऊन पहा. सुटलेलं घरच नंतर भांडायला येतं आणि त्याचं म्हणणं रास्त असतं. सामान कमी पडणार असेल तर सुरुवातीलाच सांगा, शेवटच्या दहा लोकांना नाही.

गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावायची, चावी चालकाच्या खिशात, चालक गाडीपाशी. आवाज चढले, कुणी अंगावर आलं, तर सामान सोडून निघायचं. पोती परत मिळतात. फोटो कमी काढा. घेणाऱ्याचा चेहरा समोरून घेतलाच पाहिजे हा हट्ट पुष्कळ भांडणांच्या मुळाशी असतो.

टप्पा ८ : दरडीच्या गावात

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा गावात पोहोचल्यावर पहिली ओढ ढिगाऱ्याकडे धावायची असते. आधी वर पहा. एक माणूस ढिगाऱ्याच्या बाजूला, सुरक्षित उंचीवर उभा करा, हातात शिट्टी. त्याने डोंगराकडेच पाहायचं, मदतीकडे नाही. तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून ठरलेल्या बाजूला पळायचं. पळायचं ते आडवं, डोंगराच्या उताराने खाली नाही.

जमिनीला नवी भेग, तिरपे झालेले खांब किंवा झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, वरून गडगड आवाज किंवा बारीक दगड घरंगळणं, यातलं काहीही दिसलं की काम थांबवा. पाऊस थांबला तरी धोका लगेच संपत नाही, माती पाणी धरून असते. मुक्काम डोंगराच्या पायथ्याला किंवा ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या शाळेत करू नका, कितीही सोयीची वाटली तरी.

टप्पा ९ : पाणी उतरल्यावर

पाणी गेलं की पथकं निर्धास्त होतात. मातीच्या भिंती मात्र पाणी उतरल्यावर, ऊन लागल्यावर पडतात. आत शिरण्याआधी बाहेरून चारी बाजूंनी फिरून फुगवटा, भेगा पहा. मेन स्विच बंद असला तरी इन्व्हर्टर आणि छतावरचं सोलर चालू असू शकतं, ओल्या हाताने काही तोडू नका. जनरेटर घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून लांब लावा. बंद खोलीत त्याच्या धुरातला विषारी वायू माणूस मारतो आणि त्या वायूला वासही नसतो.

विहीर किंवा शौचालयाची टाकी साफ करायला कुणीही आत उतरायचं नाही. आतल्या वायूने पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. उपसा वरून पंपाने करा. उतरणं अटळ असेल तर अग्निशमन दलाला बोलवा.

माळे, सरपण, भिजलेली गाठोडी यात साप बसलेले असतात. आधी काठीने हलवा, मग हात घाला. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा आणि १०८ ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालय किंवा मिरज-सांगलीचं शासकीय रुग्णालय गाठा. प्रतिविष असल्याची खात्री निघतानाच फोनवर करा.

टप्पा १० : घरी आल्यावर

काठावरच्या माणसाने वही तेव्हाच मिटायची, जेव्हा प्रत्येक जण आपापल्या घरी पोहोचल्याचा फोन येईल. चार रात्री न झोपलेला चालक परतीच्या वाटेवर महामार्गावर झोपतो. म्हणून परतीला नवा चालक किंवा रात्रीचा मुक्काम.

पुढचे तीन आठवडे ताप, अंगदुखी, लाल डोळे, पोटऱ्या दुखणं यापैकी काही झालं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, "मी पुराच्या पाण्यात काम केलंय." लेप्टोचा संशय येण्यासाठी त्याला एवढं कळणं पुरेसं असतं.

मनाच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त चुकतो. ज्या मुलांनी मृतदेह उचलले, ज्यांच्या हातातून कुणाचा हात सुटला, त्यांना हार घालून, सत्कार करून मंडळ मोकळं होतं. तो मुलगा नंतर झोपत नाही, चिडतो, प्यायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं नाद लागला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकदा बसा, ज्याला बोलायचं त्याला बोलू द्या आणि ज्याला बोलायचं नाही त्याला खणून विचारू नका. त्याच्या घरच्या एका माणसाला सांगून ठेवा की झोप, जेवण आणि चिडचिड यांवर लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, तेच ते डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्याने मृतदेह काढले, त्याला पुढच्या पुरात आपणहून विचारा की या वेळी कुठलं काम हवं, आणि तो "काठावरचं" म्हणाला तर कारण न विचारता ते द्या.

शेवटी वही घेऊन बसा. फोन कुठे चुकला, जॅकेट कुठे कमी पडलं, कुणाचं "परत या" कुणी ऐकलं नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. जॅकेटं गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा, उन्हात नाही, आणि टांगून ठेवा. दोर उलगडून तपासा, जिथे सोलवटला असेल तिथून तो तुकडा काढून टाका. पुढच्या मे महिन्यात ही वही उघडून पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.